ऑनलाइन वर्ग कसा रचायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

सीमाभागातले मराठी माध्यमाचे शिक्षक, घरी शिकवणी घेणाऱ्या बायका आणि कारखान्यांत नवख्यांना शिकवणारे लोक मला हे प्रश्न पाठवत असतात. विचारण्याची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. अडलेला प्रश्न शोधा, दुसरीकडे जायला लागेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. वर्गात शिकवतो तेच मोबाइलसमोर शिकवलं की झालं ऑनलाइन. त्यात रचायचं काय असतं?

मलाही २०२० साली असंच वाटत होतं. रासायनिक बंधांवर मी ४७ मिनिटांचा व्हिडिओ केला. मागे फळा, हातात खडू, एकही शब्द गाळला नाही. आठवड्याने एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, तुमच्या मागच्या खिडकीत मांजर आलं तिथपर्यंत बघितलं." मांजर चौथ्या मिनिटाला आलं होतं.

वर्गात आपण नुसते बोलत नसतो. बोलता बोलता चेहरे वाचतो, कपाळावर आठी दिसली की मागे येतो, शेवटच्या बाकावरच्याला उठवतो. शेजारी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो, त्यातही निम्मं शिक्षण होतं. मोबाइलवर यातलं काही राहत नाही, उरतो फक्त आवाज. तेव्हा ठरवायचं असतं ते एवढंच: आपण गप्प असताना मुलगा डोक्याने काय करणार आणि कोणाशी बोलणार? खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

२. व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

सहा मिनिटांच्या आत. हा आकडा हवेतला नाही. एडएक्स या संस्थेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्हिडिओ बघितल्याचे ६९ लाख प्रसंग तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे तरी प्रेक्षक सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाहीत. ते विद्यार्थी स्वतःहून नाव घालून आलेले होते. आपल्याकडची नववीची पोरं त्यांच्याहून जास्त वेळ टिकतील, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

पण घड्याळ लावून व्हिडिओ कापू नका. जिथे एक कल्पना पुरी होते तिथे कापा. ओमचा नियम हा एक तुकडा. रोध कशावर अवलंबून असतो, हा दुसरा. पहिला साडेतीन मिनिटांत संपला तर संपू द्या. उगाच ताणून सहा करण्यात कसली प्रतिष्ठा?

३. एका तुकड्यात नवीन किती द्यायचं?

तुमचा लँडलाइन नंबर आठवा. आधी ०८३१, मग पुढचे सात आकडे. बेळगावकराला ०८३१ हे चार आकडे वाटतच नाहीत, ती एकच वस्तू आहे. पुण्याच्या माणसाला मात्र ते चार सुटे आकडे असतात. त्याला तोच नंबर एका दमात लक्षात ठेवताना घाम फुटतो.

डोक्यात एका वेळी धरून ठेवायची जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ती सातच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ साली पुन्हा तपासून चारच्या आसपास आणली. जागा वस्तूंची असते, आणि काय 'एक वस्तू' होतं हे आधी काय येतं त्यावर ठरतं. आपल्याला विभवांतर (व्होल्टेज) ही एक वस्तू. पोराला तो नवा शब्द, नवं चिन्ह, नवं एकक आणि नवी कल्पना. चार जागा तिथेच भरल्या! त्यावर लगेच गणित घातलं की जुनं सांडतं. जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात या ओझ्याचा सिद्धांत मांडला, त्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: शब्द आणि चिन्हं आदल्या दिवशी ओळखीची करून घ्या, आणि पहिली दोन-तीन गणितं पूर्ण सोडवून दाखवा. "तुम्हीच करून बघा" हे त्यानंतर. (अपवादासाठी प्रश्न १३.)

४. स्लाइडवर सगळं लिहून तेच वाचून दाखवते. पोरांना दोनदा मिळतं, चांगलंच की?

नाही हो. डोळे तुमच्या आवाजाच्या पुढे पळतात, कान मागे राहतात आणि पोरगं दोन्हीचा मेळ घालत बसतं. रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांती दाखवलेली ही गोष्ट आहे: चित्र आणि बोलणं ही जोडी चालते, त्यावर बोललेलंच सगळं पुन्हा लिहून दाखवलं की समजणं बहुधा घटतं. स्लाइडवर चित्र ठेवा आणि दोन-तीन शब्द.

भाषा नवी असेल तर हा नियम सैल करावा लागतो, ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. शिकवल्यावर सगळे 'समजलं मॅडम' लिहितात. परीक्षेत पेपर कोरा. खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच समजल्यासारखं वाटतं. समोर असलेलं ओळखणं आणि समोर नसताना आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीचा वेष घेऊन येते.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं, वाचणारे ४२ आणि आठवणारे ५६. आपण शिकवून लगेच विचारतो, म्हणून आपली दरवेळी फसगत होते.

उपाय स्वस्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तीन प्रश्न टाका. पुस्तक मिटून, वहीत उत्तर, वहीचा फोटो. 'समजलं' हा शब्द ग्रुपवर बंद करा. मी केलाय, कोणी रुसलं नाही.

६. म्हणजे रोज टेस्ट? पालक ओरडतील.

मार्क लावले तर ओरडतील. मार्क लावूच नका, तुमच्या वहीत नोंदही करू नका. इथे आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास आहे. चुकलेलं उत्तर लगेच दुरुस्त होत असेल तर चुकण्यात तोटा नाही.

तेच प्रश्न अंतर ठेवून पुन्हा यायला हवेत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला, तेव्हापासून हे माहीत आहे: एका बैठकीत दहादा घोकण्यापेक्षा चार दिवसांत विखरून केलेलं जास्त टिकतं. मी दुसरा दिवस, चौथा दिवस, पुढचा आठवडा आणि महिनाअखेर असं ठेवते. कन्नड शब्दांसाठी तर याला तोड नाही. 'होगु' आणि 'बरु' यात गोंधळणारा मुलगा एका रविवारी पन्नास शब्द पाठ करून काहीच मिळवत नाही.

७. गट किती जणांचा करायचा?

तिघांचा किंवा चौघांचा. व्हॉट्सॲप एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं घेतं म्हणून आपण सगळी तुकडी एकात कोंबतो. तो सूचना लावायचा फलक झाला.

रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. माणसं वाढवत नेली तसा एकूण जोर वाढला, पण प्रत्येकाचा वाटा घटत गेला. जत्रेत रथ ओढताना दोराला नुसता हात लावून चालणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. (बऱ्याचदा ते आपणच असतो.)

दोघांचा गट वाईट नाही, पण एकाचं रिचार्ज संपलं की गटच संपतो.

८. गटाला काम दिलं की एकटी हुशार पोरगी करते, बाकीचे नाव घालतात. कसं थांबवायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोष पोरांचा नसतो. जे काम एकटीला जमतं ते एकटी करणारच. काम असं हवं की एकटीला ते करताच येऊ नये.

१९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि वर्गात धुसफूस चालू होती. एलियट ॲरनसन यांनी धडा तुकड्यांत फाडला. एका मुलाकडे एकच तुकडा, बाकीचं फक्त दुसऱ्याकडून ऐकायचं. ज्याला काल चिडवलं त्याच्याकडेच आज उत्तर आहे म्हटल्यावर त्याचं ऐकावं लागतं.

आमचं एक काम सांगते. प्रश्न असा: "रामदुर्गात ऊन पडलंय, तरी मलप्रभेला पूर आलाय. कसा?" चौघांना चार तुकडे, प्रत्येकाला वेगळे पाठवलेले. एकाकडे कणकुंबी, म्हणजे नदीचा उगम आणि घाटावरचा पाऊस. दुसऱ्याकडे नदीची वाट, खानापुरावरून पुढे थेट कूडलसंगमात कृष्णेला मिळेपर्यंत. तिसऱ्याकडे सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण आणि दरवाजे केव्हा उघडतात ते. चौथ्याकडे रामदुर्ग, नदीकाठची वस्ती आणि तिकडचा कमी पाऊस. लिहायचं नाही, प्रत्येकाने आपला तुकडा व्हॉइस मेसेजमध्ये एका मिनिटात सांगायचा. मग चौघांचं मिळून एक उत्तर, पण कोणाच्या आवाजात ते मी ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरवणार.

जांबोटीकडच्या एका मुलीचा मेसेज मी जपून ठेवलाय. मागे कौलांवर पाऊस इतका वाजतोय की ती ओरडून सांगते: "आयको, हितं पडतंय ते पाणी आमचं न्हाई, ते धरणात जातंय. धरण भरलं की ते रामदुर्गाचं." मग थोडी गप्प. मग हळूच, "म्हंजे आमच्या पावसानं त्यांची घरं गेली." २०१९च्या ऑगस्टमध्ये रामदुर्गात काय झालं ते तिला ठाऊक होतं. माझ्या व्हिडिओत हे वाक्य कुठेच नव्हतं.

चिठ्ठीची अट विसरू नका. ती काढली की चार दिवसांत सगळं पुन्हा एकटीच्या अंगावर येतं.

९. लाइव्ह तासाला विचारलं की कोणी बोलतच नाही. शांतताच.

तीन कारणं असतात, बहुधा तिन्ही एकदम. एक, "काही शंका?" या प्रश्नाला उत्तर नसतंच. दोन, आपण दोन सेकंद थांबतो आणि स्वतःच पुढे बोलू लागतो. मोबाइलवर आवाज पोहोचायलाच तेवढा वेळ लागतो, दहापर्यंत मनात मोजा. तीन, 'शुद्ध' मराठीची लाज. घरी "काय करूलास" म्हणणारं पोर सगळ्यांसमोर पुस्तकी मराठीत वाक्य जुळवत बसतं आणि तोवर विषय पुढे जातो. पहिल्याच दिवशी आपण स्वतः बेळगावी बोलून दाखवा. लाज निम्मी तिथेच उतरते.

प्रश्नाचा साचा मी हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्याकडून उचललाय. पर्यायांचा एक अवघड प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने उत्तर पाठवायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तर उत्तर सांगायचं नाही, वेगळं उत्तर असलेल्याला गाठून पटवायला सांगायचं, मग पुन्हा मत घ्यायचं. तीसपेक्षा कमी असतील तर आपलंच शिकवणं कमी पडलंय, पुन्हा शिकवा.

१०. मराठीत शिकवू, इंग्रजीत की कन्नडमिश्रित? दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला सगळं इंग्रजीच आहे.

कल्पना घरच्या भाषेत, शब्द तिन्ही भाषांत, पण एकदम नाही. आधी घाम वाळताना गार का वाटतं, हे मुलाला त्याच्या बोलीत सांगता आलं पाहिजे. ते आलं की 'बाष्पीभवन'. दोन दिवसांनी 'इव्हॅपोरेशन'. उलट केलं, म्हणजे इंग्रजी शब्दापासून सुरुवात केली, तर प्रश्न ३ मधल्या चारही जागा स्पेलिंगने भरतात.

पीयूसीच्या उंबरठ्यावरच्या मुलांना इंग्रजी व्हिडिओ दाखवताना मात्र खाली अक्षरं चालू ठेवा. परकी भाषा कानाला सुटी सुटी ऐकू येत नाही, तिथे लिहिलेलं मदत करतं. प्रश्न ४ चा नियम इथे उलटतो.

कन्नड मित्र वर्गात असेल तर त्याला गटात आवर्जून घ्या. तुकडा त्याला कन्नडमध्ये द्या आणि सांगणं मोडक्यातोडक्या मराठीत होऊ द्या. दोघांच्याही भाषा सुधारतात. शिवाय बाहेर काहीही चालू असलं तरी ग्रुपवर भांडण होत नाही.

११. महाराष्ट्रातले यूट्यूबचे मराठी व्हिडिओ आयतेच आहेत. तेच पाठवले तर?

पाठवा, पण आधी पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून बघा. तिकडचं पुस्तक बालभारतीचं, आपलं कर्नाटकाचं. धड्यांचा क्रम जुळत नाही, कधी संज्ञाही वेगळी निघते. हव्या त्या चार मिनिटांची वेळ लिहून पाठवा, सबंध व्हिडिओ नको.

१२. आमच्या गावात रेंजच नाही. घरात मोबाइल एक, तो बाबा टेम्पोवर घेऊन जातात. कसलं ऑनलाइन?

खानापूरच्या जंगलपट्टीतून हे पत्र दर पावसाळ्यात येतं. अशा ठिकाणी लाइव्ह तास हा पाया धरूच नका, सणासारखा महिन्यातून एखादा ठेवा. रोजचं काम असं हवं की रात्री आठला मोबाइल घरी आला की उतरवून घेता येईल आणि सकाळी सहाच्या आत परत पाठवता येईल. मिनिटभराचा व्हॉइस मेसेज शे-दोनशे केबीत मावतो, तेवढ्याच व्हिडिओला अनेक एमबी लागतात. आवाज, वहीचा फोटो आणि छापील कागद यावर प्रश्न ८ चं काम आम्ही पूर्ण केलंय.

कर्नाटकाने २०२०च्या ऑगस्टमध्ये 'विद्यागम' सुरू केलं होतं. शिक्षक वस्तीवर जाऊन मुलांना छोट्या गटांनी भेटायचे. ऑक्टोबरात संसर्गामुळे ते थांबवावं लागलं. पण कल्पना पक्की होती: एका वाडीतली चार पोरं, एक मोबाइल, एक कट्टा. एका मोबाइलवर चौघं मिळून ऐकत असतील तर आपला गट तिथेच तयार आहे, वेगळा करायला जाऊ नका.

१३. पायरी-पायरीने सोडवून दाखवलं की हुशार पोरं कंटाळतात. त्यांचं काय?

त्यांचं बरोबर आहे. ज्याला येतं त्याला सोडवलेलं उदाहरण अडथळाच ठरतं. त्याच्याकडे ०८३१ (प्रश्न ३) आधीच एक वस्तू झालेली असते, आपण ती पुन्हा सुटी करून दाखवतो. सुरुवातीला दोन प्रश्न टाका. दोन्ही बरोबर आले तर व्हिडिओ सोडून थेट अवघड गणिताकडे जायची मुभा द्या. अर्धवट सोडवलेलं गणित पुरं करायला देणं हा मधल्यांसाठी चांगला तोडगा.

१४. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून. तसे वेगळे गट करू का?

नको. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं आणि असं वेगळं शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो, कन्नड उच्चार सगळ्यांनीच ऐकायचा असतो.

१५. कॅमेरा सक्तीने चालू ठेवायला लावावा का?

नाही. एका खोलीचं घर, मागे वळकट्या, आई चुलीशी. डेटाही जातो तो वेगळाच.

१६. गटाने चर्चा करून सगळ्यांनीच चुकीचं उत्तर दिलं. मग चर्चेचा उपयोग काय?

चर्चेआधी प्रत्येकाचं उत्तर घेतलं होतं का? बहुतेकदा नसतं घेतलेलं. पहिला बोलतो तो ठाम बोलतो, बाकीचे माना डोलावतात. प्रश्न ९ प्रमाणे आधी एकट्याचं उत्तर तुमच्याकडे यायला हवं. तरीही सगळे एकसारखे चुकले असतील तर तो सामायिक गैरसमज आहे. त्यावर गटात सोडून उपयोग नाही, तुम्हीच बोला.

१७. पोरं एआयला विचारून उत्तर चिकटवतात.

चिकटवता येईल असा प्रश्न आपण विचारतो. "पुराची कारणे लिहा" याचं उत्तर यंत्र माझ्यापेक्षा चांगलं देईल. "तुझ्या गटातल्या दुसऱ्याने काय सांगितलं आणि तुला कुठे पटलं नाही, ते चाळीस सेकंदांत बोल" याचं देणार नाही. मी कधीकधी यंत्राचंच एक गोड, चुकीचं उत्तर गटाला देते आणि चूक शोधायला लावते. पोरं तुटून पडतात.

१८. मोठ्या माणसांचा वर्ग आहे: निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीतली पोरं. हेच नियम चालतील?

डोकं तेच, पण दोन फरक. विडी वळणारा हात वर्षानुवर्षं सरावलेला असतो, त्याला लक्ष लागत नाही. त्यामुळे सुपावर काम चालू असताना ऐकायचा धडा छान चालतो. बँकेचा फॉर्म भरायला शिकवायचा असेल तर मात्र सूप बाजूला ठेवावंच लागतं, कारण आता हात आणि डोळे दोन्ही नव्या कामाला हवेत. बचत गटाच्या बैठकीआधीची पंधरा मिनिटं त्यासाठी मागून घ्या.

फौंड्रीत जाणता कारागीर शिकवतो तेव्हा त्याला स्वतःलाच कळत नाही तो काय बघतोय. ओतीव माल हातात घेऊन तो नुसतं "हे चालत नाही" म्हणतो. त्याला व्याख्यान द्यायला लावू नका. दहा तुकड्यांचे फोटो काढा, नवख्याला आधी एकट्याने चांगले-वाईट ठरवू द्या, मग कारागिराचा निकाल आणि एका ओळीत कारण. कारण काढून घेताना जरा मागे लागावं लागतं.

१९. जुलैत भातलावणी असते, पोरं शेतात. हजेरी दहा टक्के. धडा पुढे न्यायचा की थांबायचं?

लावणीच्या दोन आठवड्यांत नवीन काहीच देऊ नका. प्रश्न ६ मधले जुने प्रश्न तेवढे चालू ठेवा, रोज एक, रात्री उत्तर आलं तरी चालेल. मी त्या काळात एकच नवं काम देते: बांधावर बसलेल्या आजीला विचारायचं की रोप किती अंतरावर लावायचं आणि का, आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. शाळा सुरळीत झाली की वनस्पतींच्या पोषणाचा धडा त्या आवाजांपासून सुरू होतो. मागच्या वर्षी दोन आज्यांची उत्तरं एकमेकींच्या विरुद्ध आली, आणि कोणाची बरोबर यावर ग्रुपवर दोन दिवस वाद चालला.